देवानंदची छपरी

देवानंद मेश्रामचा विषय निघाला की मी आजवर उठून जात आलो आहे. कधी पाणी प्यायला, कधी औषधाची वेळ झाली म्हणून. इथे मध्य प्रदेशात, बालाघाटात, आमच्या संस्थेची जुनी माणसं भेटतात. कुणीतरी म्हणतं, "तो मेश्राम हुशार होता हो, पण शेवटी घोळ करून गेला." मी नुसतं "हं" म्हणतो आणि चपला शोधू लागतो. यंदाच्या हिवाळ्यात देवानंद गेला. आता उठून जाण्यात काही अर्थ राहिलेला नाही, म्हणून बसून लिहितो आहे. ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांना तो कळावा. आणि ज्यांनी पाहिलं, त्यांना हेही कळावं की घोळ त्याचा नव्हता.

दृष्टिहीन मुलामुलींना संगणक शिकवणारी आमची एक लहानशी संस्था होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिचा व्यवस्थापक झालो. देवानंद तिथे शिकवायला आला तेव्हा तिशीत असेल. घर कटंगीला. लहानपणी गोवरात दोन्ही डोळे गेले, मग नागपूरच्या अंधशाळेत शिकला. पहिल्या दिवशी तो समोर बसून कामाविषयी एकेक गोष्ट विचारत होता आणि मी सवयीप्रमाणे मान डोलवत होतो. तो मध्येच थांबला. काठी मांडीवर आडवी ठेवून म्हणाला, "सर, मान हलवू नका, बोला. हलवलेली मान मले ऐकू येत नाही."

मी ओशाळलो. विचारलं, "पण मी मान हलवतो आहे हे तुला कळलं कसं?"

"तुमच्या खुर्चीनं सांगतलं. लय कुरकुरते बाप्पा ते."

तेव्हापासून संस्थेत तो नियमच झाला. होकार असेल तर तोंडाने "हौ" म्हणायचं. नकार असेल तर तोही तोंडानेच. काही दिवसांनी मी घरीही प्रत्येक गोष्टीला मोठ्याने "हौ" म्हणू लागलो. आमची बायको म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला उत्तर देता आहात. त्या मेश्रामला एकदा जेवायला बोलवा."

तो जेवायला आला आणि तिच्या भाजीत मीठ कमी आहे असं सरळ सांगून गेला. दृष्टिहीन माणूस म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर एक गरीब, सोशिक चेहरा येतो. देवानंद तसा मुळीच नव्हता. कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा, काळा चष्मा वापरायचा. कुणी कीव केली की त्याची जीभ सुटायची. बसमध्ये एकाने "बेचारा" म्हटलं तर म्हणाला, "भाऊ, तुमच्या शर्टाची गुंडी तुटली असन तर तुमाले बेचारा म्हणू का?" चहा ओतताना त्याला आवाजावरून कप किती भरला ते कळायचं. आमचा शिपाई त्याला नेहमी जरा कमी द्यायचा. देवानंद कप हातात घेऊन म्हणायचा, "पूर्ण चहाचा आवाज इतक्या लवकर संपत नाही, काका. उरलेला कुठं गेला?"

आता त्याच्या कामाविषयी. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. आम्ही वापरत होतो तो जगभरातल्या लोकांनी मिळून केलेला होता. करणाऱ्यांतले कित्येक जण स्वतः दृष्टिहीन. तो फुकट मिळतो आणि त्याची आतली सगळी घडण कुणालाही पाहता येते. देवानंद त्याला 'मूळ' म्हणायचा. मूळ उत्तम होतं, पण आमच्या भागात एक अडचण होती. हिंदी आणि मराठीची लिपी एकच. मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे यंत्राला कळायचं नाही आणि ते सगळं हिंदीतच वाचायचं. 'शाळा'ची 'शाला' व्हायची, '२५' दिसलं की 'पच्चीस' म्हणायचं. सरकारी आदेश हिंदीत आणि घरची पुस्तकं मराठीत, अशी आमच्या मुलांची स्थिती. कधीकधी एकाच पानावर दोन्ही.

देवानंदच्या वडिलांनी त्याला लहानपणी मराठी पुस्तकं वाचून दाखवली होती. बुद्धवंदनेच्या पुस्तिकेपासून गोष्टींपर्यंत सगळी. एकदा तो म्हणाला, "सर, तेच पुस्तक हे मशीन हिंदी सुरात वाचते तवा बाप बदलल्यासारखा वाटते. आपल्या बापाले आपल्या आवाजात बोलता आलं पायजे का नाही?"

म्हणून त्याने एक जोड तयार केली. वाक्यात 'आहे', 'आणि', 'मला' असं काही दिसलं की ते मराठीत वाचायचं. 'है', 'और' दिसलं की हिंदीत. आमच्याकडचं 'मले', 'तुले'सुद्धा त्याने तिला शिकवलं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यासाठी तो महिनोन्महिने कानात इअरफोन घालून बसलेला असायचा. यंत्राचा आवाज तो इतका वेगवान ठेवायचा की बाहेर ऐकणाऱ्याला लाह्या फुटत आहेत असं वाटावं. त्या लाह्यांतून त्याला नेमकी चुकलेली ओळ ऐकू यायची. सापडली की मांडीवर थाप मारून म्हणायचा, "गवसली चोट्टी!"

ही जोड त्याने मुळात मिसळली नाही. मुळाच्या बाहेर, वेगळी बांधली. तिला तो 'छपरी' म्हणायचा. आमच्याकडे घराच्या पुढे उतरत्या कवेलूंची, म्हणजे कौलांची, ओसरी काढतात, ती छपरी. पण हल्लीच्या पोरांत 'छपरी' ही शिवी झाली आहे. तो वर्गात पहिल्यांदा ते नाव बोलला तेव्हा हसून हसून मुलं बाकांवरून घसरली.

"हसा," देवानंद म्हणाला. "ऊन लागलं का याच छपरीत येऊन बसान."

उकव्याची ललिता वर्गात सगळ्यांत तोंडाळ. तिचे वडील मँगनीजच्या खाणीत कामाला होते. ती म्हणाली, "सर, पर अलग काहून बनवता? मूळ खुला आहे ना? उसी में घुसेड दो, झंझट खतम."

तेव्हा त्याने जे सांगितलं ते मला आजही शब्दशः आठवतं, कारण पुढे मी नेमकं त्याच्या उलट वागलो. तो म्हणाला, "बाई, तुह्या घराले छपरी काढतांना तू मयालीले खिळा ठोकतं का? मयाल म्हणजे घराचा कणा. छपरी आपल्या खांबावर उभी पायजे. मूळवाल्यांनी भिंतीत दार ठेवलं आहे, बाहेरच्यांसाठीच ठेवलं आहे. दारातून या, दारातून जा. भिंत फोडू नका. ते लोक दरसाल आपले कवेलू फेरते, भिंती बदलवते. आपण त्यांच्या भिंतीत चिणून बसलो तर एक तर ते आपल्याले पाडतीन, नाही तर आपण त्यांचं घर उचलून आपल्या गावात आणून ठेवू. मग त्या आख्ख्या घराचे कवेलू कोण फेरन? तू?"

"मैं काहून फेरू?" ललिता म्हणाली.

"हौ ना. म्हणून अलग."

मुळाची नवी आवृत्ती यायच्या आधी चाचणीची आवृत्ती यायची. देवानंद ती उतरवून घ्यायचा आणि छपरी तिच्यावर पुन्हा बसवून पाहायचा. कुठे फट राहिली तर बुजवायचा. नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली व्हायची तेव्हा छपरी तयार असायची. एक फाइल, तिच्यावर एन्टर दाबायचं, झालं. छपरी सुरू होताना यंत्र दोन शब्द बोलायचं, "या, बसा." सकाळी वर्गात एकेक संगणक सुरू व्हायचा आणि या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून "या, बसा" ऐकू यायचं. मला वाटायचं, कुण्या भल्या घरी पाहुणा म्हणून आलो आहे.

ही जोड त्याने सगळ्यांसाठी खुली ठेवली होती. कुणीही घ्यावी, बदलावी, वाटावी. एवढंच, की करणाऱ्याचं नाव पुसू नये.

मी ते पुसलं.

झालं असं, की आमच्या संस्थेला नवे संगणक देऊ करणारे काही पाहुणे येणार होते. समितीतल्या एकाने विचारलं, संस्थेने स्वतः काय बनवलं ते दाखवायला काही आहे का? मला मोह झाला. देवानंदची जोड होती, पण ती दिसायची कशी? मूळ दुसऱ्यांचं, जोड एका शिक्षकाची, मग संस्थेचं काय? जबलपूरच्या एका इंजिनीअरला मी बोलावलं. त्याने मूळ उघडलं, छपरी त्याच्या आत मिसळली, सगळ्याला संस्थेचं नाव दिलं आणि "या, बसा" काढून तिथे संस्थेच्या स्वागताचं लांबलचक भाषण घातलं. देवानंदचं नाव कुठेच उरलं नाही. तेवढी सूचना मी दिली नव्हती, पण पाहिल्यावर दुरुस्तही केलं नाही.

देवानंदला पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी कळलं. तो माझ्या खोलीत आला, दार लावून घेतलं आणि उभा राहिला. मला वाटलं नावावरून भांडेल. तो म्हणाला, "सर, नावाचं जाऊ द्या. नाव पुसलं त्याचा राग येऊन राह्यला मले, पण तो माहा मी पाहतो. तुम्ही घर उचलून आणलं. मूळवाले उद्या कवेलू फेरतीन तवा तुमच्या या घरात पाणी गळन आणि पोरं भिजतीन. पाहुणे गेले का हे काढून टाका."

"काढतो," मी म्हणालो.

"बोलले तुम्ही. मी ऐकलं," तो म्हणाला आणि गेला.

पाहुणे खूश झाले. संगणक आले. मी काही काढलं नाही. वर्तमानपत्रात संस्थेचं नाव आलं होतं, आता लगेच मागे कसं जायचं, असं वाटत राहिलं. मुलांना आणि समितीला वाटायचं की संस्थेच्या नावाची ही आवृत्तीही देवानंदनेच केली आहे. मी तसं वाटू दिलं. खरं काय ते मला, त्या इंजिनीअरला आणि देवानंदला ठाऊक. देवानंद मुलांसमोर माझी लाज काढणार नाही, हेही मला ठाऊक होतं.

पुढे संगणकांच्या स्वतःच्या यंत्रणेत एक मोठा बदल आला. मुळाची माणसं आधीपासून तयार होती. त्यांनी आपली नवी आवृत्ती वेळेवर काढली आणि देवानंदची खरी छपरीही तिच्यावर नीट बसत होती. पण आमच्या संस्थेच्या मिसळलेल्या नमुन्याला ती नवी आवृत्ती घेता येईना. तो मुळापासून तुटला होता आणि त्याचे कवेलू फेरणारं कुणी नव्हतं. ललिता एका नोकरीच्या परीक्षेला संस्थेचा हाच नमुना घातलेला स्वतःचा लॅपटॉप घेऊन बसली असताना तो मुका झाला. वर्षभर तयारी केली होती तिने. ती कळांवर बोटं ठेवून तशीच बसून राहिली. वेळ संपल्यावर कुणीतरी तिला उठवलं.

समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी मला आधी विचारलं होतं, हे कशामुळे झालं? मी म्हणालो होतो, "ती मराठीची जोड मेश्रामची होती." वाक्य खरं होतं. मी ते खोट्याच्या कामाला लावलं. बैठकीत अध्यक्ष देवानंदला म्हणाले, "मेश्रामजी, आपके ऍड-ऑन के कारण लड़की का साल गया. कुछ कहना है?"

देवानंद म्हणाला, "माही छपरी मी कोणाच्या भिंतीत चिणली नाही. कोणं चिणली ते सर सांगतीन."

आणि त्याने कान माझ्याकडे केला. डोळस माणूस आपल्याकडे पाहतो तेव्हा आपण नजर चुकवू शकतो. वळलेला कान कसा चुकवायचा? खोलीत पंखा फिरत होता. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी जागेवर सावरून बसलो.

"बोला, सर," देवानंद म्हणाला.

माझी खुर्ची तेवढी कुरकुरली.

तो किंचित हसला. "खुर्ची बोलली," तो म्हणाला. "पण खुर्चीचं कोण लिहून घेते?" त्याने घडीची काठी झटक्यात उघडली आणि बाहेर पडला. त्यानंतर तो संस्थेत आला नाही. त्याने घोळ घातला म्हणून त्याला जावं लागलं, असं गावात झालं.

तो कटंगीला घरून काम करू लागला. मला वाटलं होतं, आता तो छपरी बंद करेल, निदान आमच्यासाठी तरी. त्याने उलट ललितालाच फोन केला. "संस्थेचं ते सगळं काढा. मूळ टाका, बाजूले छपरी टाका." ललिताने एका सकाळीत वर्गातले सगळे संगणक पूर्ववत केले. मी माझ्या खोलीत बसलो होतो. भिंतीपलीकडून एकेक करून आवाज येऊ लागले, "या, बसा," "या, बसा." मी उठून दार लावून घेतलं.

ललिताला वाटलं, देवानंद आपली चूक दुरुस्त करतो आहे. तिने एकदा त्याला विचारलंही म्हणे, की सर, असं कसं झालं? तो म्हणाला, "तुह्या मोठ्या सरांले विचार." तिने मला विचारलं. मी म्हणालो, "जुनी गोष्ट झाली, सोड." पुढल्या खेपेला ती दुसरी परीक्षा पास झाली आणि बैहरला नोकरीला लागली. त्यामुळे माझ्या मनाने मला आणखी काही वर्षं सूट दिली.

मग माझे डोळे गेले. काचबिंदू हळूहळू येतो. आधी कडा जातात, मग मधलं. वर्तमानपत्र सुटलं, पुस्तकं सुटली. आमची बायको आता नाही, मुलगा पुण्याला. ललिता सुट्टीत भेटायला आली तेव्हा मी अंधारात बसल्यासारखा बसलेलो. तिने माझा जुना लॅपटॉप ओढून घेतला. म्हणाली, "सर, अब तुम भी हमारी बिरादरी में. घाबरता काहून?" तिने बोटांनी काय काय केलं, आणि यंत्र म्हणालं, "या, बसा."

मला रडू आलं ते तिला ऐकू गेलं. ती म्हणाली, "सब रोते हैं पहले दिन," आणि मला स्वयंपाकघरातून पाणी आणून दिलं.

त्या दिवसापासून मी पुन्हा वाचतो आहे. 'शाळा' मला 'शाळा'च ऐकू येते, पंचवीस 'पंचवीस' ऐकू येतं. हे लिहितानाही प्रत्येक वाक्य तोच आवाज मला परत वाचून दाखवतो. चूक असेल तर तिथे अडखळतो. माझं म्हातारपण ज्या आधारावर उभं आहे तो देवानंदने बांधला. संस्थेने नाही, मी नाही, त्या इंजिनीअरनेही नाही. आम्ही तो मोडला होता. आणि ललिता, तू हे ऐकशील ते त्याच्याच छपरीत बसून ऐकशील, म्हणून इथेच सांगतो. तुझं यंत्र त्या दिवशी माझ्यामुळे मुकं झालं. तुझ्या मेश्राम सरांमुळे नव्हे.

हे देवानंदला सांगायला मी गेलो होतो. दिवाळी होऊन गेली होती. त्याच्या मूत्रपिंडांचा आजार बळावल्याचं कळलं तेव्हा मी बसने एकटाच कटंगीला गेलो. कंडक्टरने हात धरून उतरवलं, रिक्षावाल्याने दारात सोडलं. धानाची कापणी चालू होती, हवेत तणसाचा वास होता. देवानंद घरापुढच्या खऱ्या छपरीत खाटेवर बसला होता. मी अजून काही बोललो नव्हतो.

"या, बसा," तो म्हणाला. "सर, पाय ओढून चालता आता. डोळे गेले ना? ललिता बोलली."

त्याची आई मला खुर्ची देऊन चहा ठेवायला आत गेली. तो माझी चौकशी करू लागला, जणू आजारी मीच.

"आवाजाची गती किती ठेवली?"

"सगळ्यात कमी."

"वाढवत जा थोडी थोडी. डोळे म्हातारे होते, कान तरणे होत जाते. वर्षभरात तुमाले पण लाह्या ऐकू येतीन." मग म्हणाला, "मी ललिताले सगळं शिकवून राह्यलो. मूळवाले काही थांबणार नाहीत, भिंती बदलवतच राहतीन. मी नसलो तरी छपरी उभी राह्यली पायजे. तुमचं वाचन बंद पडू देणार नाही ते पोरगी."

हे त्याने मला सांगावं! मी घरून वाक्य जुळवून आणलं होतं. बसमध्ये ते अनेकदा मनात म्हणून पाहिलं होतं. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. खाट करकरली; त्याने कान माझ्याकडे केला हे मला न दिसताच कळलं. अगदी त्या बैठकीतल्यासारखाच.

"बोला, सर."

मी दोन्ही हात जोडले. कपाळापर्यंत नेले आणि तसेच धरून बसलो. आयुष्यात कुणाला केला नसेल असा तो नमस्कार होता. आणि तो धरलेला असतानाच मला कळत होतं, की याचा काहीही आवाज होत नाही.

"बोला ना. काही म्हणून राह्यलते तुमी."

मी हात खाली घेतले.

"बालाघाटची बस किती वाजता आहे रे?" मी विचारलं.

खाट पुन्हा करकरली.

"बसले अजून लय वेळ आहे, सर," तो म्हणाला.

आतून त्याची आई चहा घेऊन आली. मी तो उभ्याने प्यायलो आणि निघालो.